पूर्णरेषा

"मॅडम, गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यात एकाही बाईचे दिवस भरलेले नाहीत," तौफिक सय्यद म्हणाला आणि त्यानं पडदा डॉ. मृणालिनी औसेकरांच्या बाजूला वळवला.

लातूरच्या विभागीय गर्भमापन केंद्रात सकाळचे दहा वाजले होते. मृणालिनीबाई केंद्राच्या प्रमुख, तीस वर्षं बाळंतपणांत घालवलेल्या. तौफिक संख्याशास्त्रज्ञ, येऊन जेमतेम आठ महिने झालेला. नव्या माणसाला सगळीकडे चुकाच दिसतात, हे बाईंना अनुभवानं पाठ झालं होतं.

"काल छप्पन्न जणी मोकळ्या झाल्या. चोपन्न जणींपुढे 'दिवस भरले' अशी नोंद आहे. वाचता येतं ना तुला?"

"नोंद गंगासागर सिस्टर तोंडानं सांगतात, यंत्र ऐकून लिहितं. घोळ तिथंच आहे."

आता पूर्णमापीबद्दल सांगायला हवं. पोटातलं बाळ किती वाढलं हे बाहेरून कळावं, ही डॉक्टर लोकांची जुनी हाव. श्राव्यातीत ध्वनी पोटात सोडायचा, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी काढायची, आकडे सूत्रात घातले की वजनाचा अंदाज तयार. हे पणजोबांच्या काळापासून होतं. पूर्णमापीनं साठ वर्षांपूर्वी पुढचं पाऊल टाकलं. बाळाची वाढ पूर्ण झाली की ती घंटा वाजवते आणि डॉक्टर कळा आणतात. पूर्ण म्हणजे किती? तर मागच्या वर्षी दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन. त्याला म्हणायचं पूर्णरेषा, आणि ती दरवर्षी नव्यानं आखायची. शेवटच्या आठवड्यांत पोटातच दगावणारी कितीतरी बाळं त्या घंटेनं वाचवली, हे कुणी नाकारू नये.

"यंत्राचा अंदाज शेकडा दहापर्यंत चुकतो," तौफिक म्हणाला. "कधी जास्त, कधी कमी."

"मग दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल."

"खाऊन टाकत नाहीत, मॅडम. आपण दर आठवड्याला मोजतो. कमी मोजलं गेलं तर पुढच्या आठवड्यात परत मोजतो. पण एकदाच जास्त मोजलं गेलं की घंटा, आणि बाळ बाहेर. म्हणजे जास्तीची चूक कायमची, कमीची चूक आठ दिवसांची. दरवर्षी बाळं रेषेच्या थोडी अलीकडेच जन्मतात. सिस्टर त्यांनाही 'दिवस भरले' म्हणतात, आणि पुढच्या वर्षीची रेषा त्यांच्यावरून आखली जाते."

"थोडी म्हणजे किती?"

"वर्षाला अकरा ग्रॅम. साठ वर्षांपूर्वी रेषा दोन हजार नऊशेवर होती. आज दोन हजार दोनशे चाळीस."

बाईंनी गंगासागर सिस्टरांना आत बोलावलं. पस्तीस वर्षं नोकरी झालेली बाई, कुणाला भिणारी नव्हती.

"अडलेल्या बाईच्या कानावर 'अपुऱ्या दिवसांची' असं घालतात होय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "कळा देणारीला धीर द्यायचा असतो. मी सगळ्यांनाच दिवस भरले म्हणते. माझ्या आधीच्याही तेच म्हणायच्या."

"पण आठवडे तर छापून येतात," मृणालिनीबाई तौफिककडे वळल्या.

"तेही यंत्र बाळाच्या आकारावरूनच काढतं. बायकांची तारीख आपण धरत नाही, कारण बऱ्याच जणी पाळी आल्याचा दिवस न सांगता पाळी संपून डोक्यावरून न्हाल्याचा सांगतात. म्हणून मी प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेल्या बायकाच घेतल्या. त्यांचा दिवस पक्का असतो. दोनशे सहासष्ट दिवस हवेत. सरासरी आली दोनशे अडतीस."

चार आठवडे. बाईंची मुलगी शाल्मली वरच्या मजल्यावर होती. आदल्या दिवशी दुपारी तिची घंटा वाजली होती आणि तासाभरात तिला कळा आणायचं औषध सुरू होणार होतं.

त्या जिना चढून गेल्या आणि सलाइनची बाटली स्वतः उतरवली.

"काय झालं?" शाल्मलीनं विचारलं.

"बाळाला अजून थोडं राहू दे. यंत्र घाई करतंय."

"तुझंच यंत्र ना गं ते?" शाल्मली हसली. "बरं. तू म्हणशील तसं. मला काय, अजून चार दिवस आयतं खायला मिळेल."

शाल्मलीचा आईवर पूर्ण भरवसा होता. हे लिहितानासुद्धा जीव कसनुसा होतो.

पुढचे आठ दिवस बाई रोज स्वतः तपासत होत्या. नाळेतला रक्तप्रवाह ठीक, ठोके ठीक. पूर्णमापी रोज लाल अक्षरांत लिहायची, 'वाढ पूर्ण. विलंब धोक्याचा.' बाई ते पुसून टाकायच्या. चुकीच्या रेषेवर उभं असलेलं यंत्र, ते दुसरं काय सांगणार? बाळ खरंच वाढतंय का, हे मात्र कुठल्याच मापानं दिसत नव्हतं, कारण आठ दिवसांची वाढ यंत्राच्या चुकीपेक्षा लहान असते. हे त्यांना ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी फरक दिसेल, असं त्यांनी शाल्मलीला सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी शाल्मली म्हणाली, "आई, आज हे हललंच नाही."

ठोके नव्हते.

मुलगा होता. गंगासागर सिस्टरांनी त्याला पुसून तराजूवर ठेवलं आणि आकडा सांगितला नाही, नुसत्या बाजूला सरल्या. दोन हजार दोनशे पस्तीस. घंटा वाजली त्या दिवशीचा अंदाज दोन हजार दोनशे चाळीस होता. त्यानंतर बाळ तसूभरही वाढलं नव्हतं. यंत्र म्हणालं होतं की वाढ पूर्ण झाली, आणि ती खरंच झाली होती. मृणालिनीबाई तिथंच खुर्चीत बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. सिस्टरांनी दार लावून घेतलं.

चार दिवसांनी तौफिक बाईंच्या घरी आला. तो पाणीसुद्धा न घेता बोलायला लागला.

"घंटेनंतर थांबलेल्या बायका मी शोधल्या. कुणी गावाला निघून गेलेल्या, कुणी घाबरून न आलेल्या. एकतीस सापडल्या. बारा जणींची बाळं मस्त वाढली, तीन किलोच्या घरात गेली. एकोणीस जणींची गेली. त्या बारा जणी बाहेरून लग्न होऊन आल्यात, जिथं पूर्णमापी नाही तिथून. एकोणीसच्या एकोणीस आपल्या केंद्रात जन्मलेल्या."

बाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. मुलीचं स्वतःचं गर्भाशय ती आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या आठवड्यांत, आईच्या संप्रेरकांवर वाढतं. मुलगी लवकर काढली की तेही तेवढंच राहतं. शाल्मलीला घंटेनं दोन आठवडे आधी बाहेर काढलं होतं. खुद्द मृणालिनीबाईंना एक आठवडा आधी. आता अशा लहान राहिलेल्या पिशवीत बाळ जेवढं मावतं तेवढंच वाढतं, मग त्याला पोसणारी वार थकते.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"आपण बाळांचे दिवस मोजत होतो, मॅडम. आयांचे मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही." तो थोडा पुढे सरकला. "रेषा आहे तिथं गोठवली तर?"

"तर ज्या मुलींची बाळं रेषेपर्यंत पोचतच नाहीत, त्यांची घंटाच वाजणार नाही. त्या वाट बघत बसतील. माझ्या पोरीसारख्या." बाईंनी डोळे पुसले. "रेषेला खाली जाऊ द्यावंच लागेल. मी सरकारला पाठवलेला तुझा अहवाल खरा आहे. पण तो वाचून उद्या कुणी थांबायला लागलं, तर जिल्ह्यात रोज पन्नास पाळणे रिकामे राहतील."

अहवाल त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला. तौफिकनं वाद घातला नाही. बदलीचा अर्ज मात्र दिला.

महिन्याभरानं शाल्मली आईशेजारी येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं, तौफिककडून की सिस्टरांकडून, कोण जाणे. आईला तिनं एका शब्दानंही दोष दिला नव्हता, आणि तेच बाईंना सोसत नव्हतं.

"पुढच्या वेळी घंटा वाजली की लगेच ना?"

"लगेच."

"मुलगा झाला तर तो लहानखुरा होईल, पण त्याचं तिथंच संपेल."

"हो."

"आणि मुलगी झाली, तर तिच्या पोटात माझ्याहून कमी जागा. तिच्या मुलीच्या पोटात त्याहून कमी. शेवटी एकीच्या पोटात जगण्याइतकंही वाढणार नाही."

बाईंनी मान हलवली. किती पिढ्या, ते त्यांनी मोजलं होतं. सहा.

"मग आई," शाल्मली हळूच म्हणाली, "मला मुलगी नको."

हे वाक्य तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणणाऱ्या शेकडो बायकांना मृणालिनीबाईंनी तीस वर्षांत फाडफाड बोलून गप्प केलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. आज मात्र तिचा हात आपल्या हातात घेतला.