सगळ्यात मागचा माणूस

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलोच होतो. पण ज्या बाईसोबत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. तिने जन्मात कधी दुधात पाणी घातलं नाही, ती गोष्टीत काय घालणार?

ठिकाण यवतमाळ जिल्हा. मुकुटबनच्या पुढे डोंगरांत एक तलाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण लगेच रील काढायला पळणारे आपल्यातच बसलेत.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या जानेवारीतली रविवारची सकाळ होती.

मावशीचं नाव शोभा. यवतमाळला राहते. श्रीकृष्णकाका जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा अभिषेक पुण्यात. तो आठवड्यातून एकदा फोन करतो, "जेवलीस का" विचारतो आणि ठेवतो.

एकदा मावशी मला म्हणाली होती, "अमर, चार-चार दिवस माह्या नावानं कोणी हाक मारत नाही रे. मंग मीच म्हणतो, शोभा, चहा घे."

असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

मग ती डोंगर चालणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरली. लोहारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करणारा अक्षय हा ग्रुप चालवायचा. पहाटे गाडी करून निघायचं, दुपारपर्यंत चालायचं. तलावाची वाट सगळ्यांच्या आवडीची. धरणाच्या भिंतीवरून ती सुरू होते, सागाच्या जंगलातून डोंगराच्या कडेकडेने चढते आणि तलावाला पूर्ण वळसा घालून परत भिंतीवर येते.

ग्रुपचा एक नियम होता. एक माणूस सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणी लेस बांधायला बसलं तर त्यानेही थांबायचं, आणि त्याला पुढे घालूनच निघायचं. पुढच्याने अधूनमधून हाक मारायची, मागच्याने ओ द्यायची. ओ आली की सगळे सुखरूप आहेत असं समजायचं.

मागचं काम कोणालाच नको असायचं. मावशीने ते हौसेने मागून घेतलं.

पुढून अक्षय ओरडायचा, "शोभाताईऽऽऽ!"

मागून मावशी, "ओऽऽऽ!"

सकाळभरात कितीतरी वेळा कोणीतरी तिच्या नावाने हाक मारायचं. तिला तेवढंच हवं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या रविवारी तलावावर दाट धुकं होतं. पाणी दिसतच नव्हतं.

मावशीच्या पुढे सुरभी चालत होती. कॉलेजातली नवी मुलगी, दहा पावलं गेली की फोटो काढायला थांबणारी. तिची लाल सॅक बघत मावशी चालत होती. चढ संपला, धुकं आणखी दाटलं आणि सॅकही दिसेनाशी झाली.

आणि तेव्हाच...

मागून हाक आली.

"थांबा नाऽऽऽ!"

आवाज बाईचा की पुरुषाचा, कळेना. लांबून आलेला. दमलेला.

मावशी जागीच थिजली. तिच्या मागे कोणी असायलाच नको होतं.

मावशी बोरी अरबच्या शेतकरी घरातली. तिकडे लेकरू रानात जायला लागलं की आधी एकच गोष्ट शिकवतात. एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असला तर दुसऱ्यांदा हाक मारेल. जे एकदाच हाक मारतं, ते माणूस नसतं.

ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली.

पाखरांचा आवाज थांबला होता. वाराही नव्हता.

दुसरी हाक आलीच नाही.

पण सुरभी असली तर? फोटोसाठी वाटेच्या खाली उतरली असेल. धुक्यात आपण तिच्या पुढे निघून आलो असू. पाय मुरगळून पडली असेल, दुसऱ्यांदा ओरडायचं त्राण नसेल. त्या जंगलात वाघ आहे. पोरीला मागे टाकून भिंतीवर गेलो तर तिच्या आईला काय तोंड दाखवायचं?

मावशीने पुढे हाक दिली, "अक्षयऽऽऽ!"

पुढूनही काही आलं नाही.

"मले दोन्हीकून भेव वाटून राह्यलं होतं," मावशी नंतर मला म्हणाली. "पण मंग मनात आलं, हाक मारल्यावर ओ नाही आली तं कसं वाटते, हे माह्याइतकं कोणाले माहीत?"

आणि तिने ओ दिली.

"ओऽऽऽ! या, मी थांबली आहो!"

थोडा वेळ काहीच नाही.

मग... सागाच्या पानांवर पावलं वाजली. सावकाश. फार चाललेल्या माणसाची असतात तशी. जवळ आली. आणखी जवळ आली...

आणि थांबली.

समोर नुसतं धुकं होतं.

"सुरभी?"

उत्तर नाही.

पळावं असं मावशीला फार वाटलं. पण पळालं तर ते मागे राहणार, आणि मागे काय आहे हे दिसणार नाही. शेवटी तिने तेच केलं जे ती दर रविवारी करायची. वाट सोडून कडेला झाली, सागाच्या खोडाला पाठ टेकली आणि म्हणाली, "चाला पुढं. मी मागंच आहो."

आवाज कसाबसा निघाला.

पानं पुन्हा वाजली... तिच्या अगदी समोरून.

कोणी नव्हतं. पण वाटेवरची पानं एकेक करून दबत गेली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. ओल्या घोंगडीसारखा वास आला आणि गेला. मग पावलं पुढे निघाली.

मावशी त्यांच्या मागे चालू लागली. दुसरी वाट होती कुठे?

चढावर पावलं हळू व्हायची. उतारावर जपून पडायची. एकदा मावशी मुळाला ठेचकाळून गुडघ्यावर पडली, तर पुढची पावलंही थांबली. ती उठेपर्यंत थांबून राहिली.

"तवा भेव कमी झालं," ती म्हणाली. हे ऐकून मला मात्र जास्त भीती वाटली.

धरणाची भिंत आली. धुकं विरळ झालं, ऊन पडलं. मुरमावर एक पाऊल करकरलं आणि...

पुढचं वाजलंच नाही.

सगळे भिंतीवर आलुबोंडे खात बसले होते. सुरभीही होती. ती केव्हाच पोहोचली होती.

अक्षय म्हणाला, "वा शोभाताई! एवढ्या हाका मारल्या, एकही खाली नाही गेली. दरवेळी ओ दिली तुम्ही. पण आवाज काहून बसला? सर्दी झाली का?"

मावशीला त्याची एकही हाक ऐकू आली नव्हती. पूर्ण वाटेत तिने एकच ओ दिली होती, आणि तीही मागे.

ग्रुपमध्ये ती काही बोलली नाही. संध्याकाळी फक्त मला सांगितलं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "धुक्यात होतात असे भास."

पुढच्या वेळी ग्रुप तलावावर गेला तेव्हाही ती गेली. त्याच्या पुढच्या वेळीही.

मग सुरभी यायची बंद झाली. अक्षयला तिने स्पष्ट सांगितलं, "मी मावशीच्या पुढं नाही चालत. माह्या पाठीशी लागून कोणीतरी चालते. वळून पाह्यलं तं मावशी लय दूर असते."

तिच्या जागी दुसरा एक जण चालला. तोही पुन्हा आला नाही. अक्षयने तलावाची वाटच सोडली. आता ग्रुप दुसऱ्या टेकड्यांवर जातो.

मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. मावशीला तसं बोललो तर ती भडकलीच.

"त्यानं कोणाचं काय बिघडवलं? बिचारा नुसता लोकाईसंग चालून राह्यला!"



"मावशी, तू पाह्यलं का कोणाले?"

तिने उठून चहाचं आधण ठेवलं.

"नाही पाह्यलं. पण आता तो हाक नाही मारत."

"काहून?"

"कायले मारन? मी आहो ना."

हल्ली ती शनिवारी मुकुटबनला ओळखीच्या घरी मुक्कामाला जाते आणि रविवारी सकाळी तलावाला वळसा घालते. अभिषेक तिला न्यायला पुण्याहून आला होता. ती म्हणाली, चार दिवस येतो, पण रविवारी मी इथं पाह्यजे. तो चिडून परत गेला.

मी म्हटलं, निदान मला तरी सोबत घे.

"चाल ना," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पण तुले सगळ्याईच्या पुढं चाला लागन. तुह्या न् माह्या मंधात तो राहीन. चालते का?"

मी गेलो नाही.

आज रविवार आहे. सकाळपासून तिला फोन लावतोय. तलावावर रेंज नसते, हे मला माहीत आहे. दुपारपर्यंत ती मुकुटबनला पोहोचते आणि मग फोन लागतो.

आता दिवे लागले आहेत.