मागच्या माइकवरचा हात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझी मावशी थापा मारणारी बाई नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा शनिवार. रात्रीचे साधारण साडेआठ. तळघरातला छोटासा क्लब, वर दातांचा दवाखाना. शंभर माणसं जमली की भिंतींना घाम फुटायचा. मावशी तिथे साउंडचं काम बघायची. स्टेजसमोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला तिचा मिक्सर, सगळ्या माइकांचे आवाज कमी-जास्त करायचा.

त्या रात्री चार बँड होते. तिसरा माझ्या मामाचा, म्हणजे मावशीच्या धाकट्या भावाचा. घरात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. नोकरीवर पाणी सोडून गाण्याच्या मागे लागलेला. आजचा कार्यक्रम पडला तर गाणं सोडीन, असं त्यानं आजीला कबूल केलं होतं.

"ताई, आज सांभाळून घे गं," स्टेजवर चढताना तो म्हणाला.

"तू फक्त बेसूर होऊ नकोस. बाकी मी बघते."

पहिलं गाणं पडलं.

दुसरंही.

लोक पाठ फिरवून गप्पा मारत होते.

तिसरं गाणं सुरू झालं आणि ड्रमरच्या मागे, अंधारात... एक हात वर झाला.

स्टेजवरच्या गोंगाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून गाणारे साउंडवाल्याशी खुणांनी बोलतात. त्या हातानं गळ्याला बोट लावलं, मग बोट वर केलं. म्हणजे, माझा आवाज वाढव.

तिथे एक जादा माइक होता, अडीअडचणीला म्हणून मावशीनंच ठेवलेला. भोंग्यानं साथीला कुणीतरी आणलं असेल आणि नेहमीसारखा सांगायचं विसरला असेल, असं तिला वाटलं. तिनं तो माइक चालू केला.

आवाज आला. भरदार, गोड. मामाच्या सुरात अलगद मिसळणारा.

पाठ फिरवलेली माणसं वळली. ग्लास विसळणारा बारवाला थांबला. मावशीला हायसं वाटलं.

हात पुन्हा वर झाला. मामाकडे बोट... मग तळवा खाली.

त्याला कमी कर.

तिनं केलं.

अजून कमी.

तेही केलं. हॉलमध्ये आता कुणीच बोलत नव्हतं.

मग तो हात... सावकाश गळ्यावरून आडवा फिरला.

त्या धंद्यात याचा अर्थ एकच. माइक बंद.

आणि मावशीनं आपल्या भावाचा माइक बंद केला.

गाणं थांबलं नाही. पण आता स्पीकरमधून येत होता तो... मामाचा आवाज. हुबेहूब त्याचाच.

मामा मात्र गात नव्हता. तोंड उघडं, दोन्ही हात गळ्याशी. त्याचे डोळे तिला शोधत होते.

तिनं घाईघाईनं त्याचा माइक उघडला. काही नाही. मागचा बंद केला.

गाणं चालूच.

अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की त्या क्लबात तसा कधी झाला नव्हता.

मावशी गर्दी कापत स्टेजवर गेली. ड्रमच्या मागे माइक होता आणि लगेच भिंत. मध्ये माणूस मावेल एवढी जागाच नव्हती.

"मागे कोण गात होतं?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे? हाच की!" ड्रमरनं मामाकडे बोट दाखवलं.

मामा त्या रात्रीपासून एक शब्दही बोललेला नाही. चार डॉक्टर झाले. घशात काही बिघाड नाही म्हणतात. तो वहीत लिहून बोलतो. एकदा त्यानं लिहिलं होतं, "पण ताई, त्या रात्री लोकांना आवडलं ना?"

मावशी "हो" म्हणाली. बाकीचं तिनं त्याला कधीच सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात तिनं मला हे सगळं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "पण मावशी, खूण कोण करतंय ते न बघता तू ऐकलंस कसं?"

ती म्हणाली,

"कारण तो आवाज याच्यापेक्षा चांगला होता रे. मला वाटलं, हा जरा मागे राहिलेलाच बरा."

मामा पलीकडच्या खोलीत होता. दार उघडं होतं.

त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून त्यानं वही उघडलेली नाही.