गप्पखोलीतले काका

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझा स्वभाव तिखट आहे हे माझ्या घरचेही सांगतील, पण थापा मारायची सवय मला नाही आणि या वयात ती लागायचीही नाही.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. भरदुपार होती. बुधवार होता. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

मी आमच्या गावच्या तुरुंगात नोकरी करते. बंदूकबिंदूक नाही हो, माझ्याकडे लायब्ररी आहे. तुरुंग लहानसाच, बहुतेकांच्या केसेस अजून चालू असलेल्या. शिवणाचा वर्ग आहे, दारू सोडवायची बैठक आहे, आठवड्याला मुलाखत आहे, म्हणजे काचेच्या दोन बाजूंना बसून फोनवर घरच्यांशी बोलायचं. आणि एक उपक्रम माझ्या डोक्यातून निघालेला. त्याचं नाव 'बाबांची गोष्ट'.

ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी एक गोष्ट वाचायची. आम्ही ती रेकॉर्ड करायची आणि मुलाखतीला आलेल्या बायकोच्या हातात पेनड्राइव्ह ठेवायचा. पोर घरी बापाचा आवाज ऐकत झोपतं. चांगले धटिंगण लोक मांजराचा आवाज काढताना मी पाहिलेत. हसू यायचं आणि नंतर रडूही यायचं.

नियम कडक होते. आत एका वेळी एकच माणूस. दार बाहेरून बंद. केसबद्दल, साक्षीदारांबद्दल चकार शब्द नाही. आणि बाहेर देण्याआधी प्रत्येक गोष्ट मी हेडफोन लावून पूर्ण ऐकायची आणि नको ते कापून टाकायचं.

त्यासाठी साहेबांनी जुन्या इमारतीच्या टोकाची एक खोली दिली. भिंती हातभर जाड. खिडकी नाही. आत कसलाही आवाज येत नाही. मी तर खूश झाले.

तिथं दारावर जो शिपाई असतो त्याला सगळे मामा म्हणतात. निवृत्तीला टेकलेला, बडबड्या माणूस. पहिल्या दिवशी मात्र किल्ली लावताना एवढंच म्हणाला, "बाई, लायब्ररीतच केलं असतं तर?"

"तिथं पंखा खडखडतो. आणि तुम्ही खोकता."

एरवी त्याने मला चार शब्द ऐकवले असते. तो हसलाही नाही.

आमच्याकडे एक तरुण होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणायचे. त्याची मुलगी शाळेतही जात नव्हती अजून. तिला तो चिमणी म्हणायचा. बाप आत गेल्यापासून ती नीट झोपत नव्हती. पेंटरचा सगळा जीव त्या पोरीत अडकलेला. केस काय होईल यापेक्षा ती आपल्याला विसरेल याचीच त्याला धास्ती.

त्याने हरवलेल्या मांजराची गोष्ट निवडली. वाचता वाचता तो मध्येच विचारायचा, "मांजर कुठं लपलं असेल, सांग बरं?" आणि थांबायचा.

पहिल्या वेळी मी ते थांबणं कापून टाकलं. मला वाटलं, अडखळला.

पुढच्या वेळी तो माझ्यावर रुसूनच बसला. "ताई, मी मुद्दाम थांबतो. चिमणी तिथं उत्तर देते. तेवढंच आमचं बोलणं होतं. ते कापू नका ना."

मलाच कसंतरी झालं. "बरं बाबा," म्हटलं, "नाही कापत."

तो बुधवार. दुपारची जेवणं उरकून बराकी बंद झाल्या होत्या. मी लायब्ररीत एकटीच पेंटरचं नवं रेकॉर्डिंग ऐकत होते.

"मांजर कुठं लपलं असेल, सांग बरं?"

शांतता.

आणि मग... कोणीतरी उत्तर दिलं.

"भिंतीत."

मी हेडफोन काढला. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. पुरुषाचा आवाज. कोरडा, अडकत अडकत येणारा. कितीतरी दिवस तोंड न उघडलेला माणूस पहिल्यांदा बोलतो ना, तसा.

पुढच्या थांब्यालाही तो होता.

"अजून सांग... थांबू नको."

मी तरातरा मामाकडे गेले. "आत अजून कोणाला सोडलं होतं?"

"काय बोलता बाई! किल्ली माझ्या कमरेला."

पेंटरला विचारलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग मीच स्वतःला दटावलं, कसल्या तरी दुसऱ्या लाइनचा आवाज मिसळला असेल. तो आवाज मी कापला, जागा मोकळी ठेवली आणि पेनड्राइव्ह देऊन टाकला.

मुलाखतीच्या दिवशी पेंटरची बायको भेटली. गोड पोरगी, शिवणकाम करून घर चालवायची.

"ताई, गोष्ट फार आवडली तिला. पण ते दुसरे काका कोण?"



"कुठले काका?"

"काय माहीत. मला तर ऐकू येत नाही. चिमणी म्हणते, बाबा थांबले की काका बोलतात."

मी तिच्याकडून पेनड्राइव्ह मागून घेतला, तिथल्या तिथे ऐकला. थांब्यांमध्ये काही नव्हतं. निव्वळ शांतता. मी स्वतः कापलं होतं हो! तरी त्या पोरीला ऐकू येत होतं.

पेनड्राइव्ह मी परत दिला नाही. बायकोला सांगितलं, बिघडलाय. पण फरक पडला नाही.

पुढच्या मुलाखतीला चिमणी आली. काचेपलीकडे पेंटर बसला होता. त्याने फोन कानाला लावला, तिच्या कानाला तिच्या आईने लावला.

"चिमणे, कशी आहेस गं?"

ती बोलली नाही.

"माझं पाखरू ते! रुसलीस? बोल ना बाबाशी."

तिने ओठ घट्ट मिटले आणि नाही म्हणून मान हलवली.

"घरीही बोलत नाही," तिची आई मला सांगता सांगता रडायलाच लागली. "आठवडा होत आला. डॉक्टर म्हणतात, घशाला काही नाही. खुणा करते. फक्त भिंतीला कान लावून बसते आणि काहीतरी पुटपुटते. काल खूप विनवलं तेव्हा माझ्या कानात एकच सांगितलं..."

"काय?"

"काका म्हणतात, इथं बोलायचं नाही. बोललं की शिक्षा वाढते."

काचेपलीकडे पेंटरने फोन खाली ठेवला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

मी मामाला कोपऱ्यात घेतलं. "आता खरं सांगा. त्या खोलीत काय होतं?"

मामाने टोपी काढून हातात धरली. मग बोलला.

"मी लागलो तेव्हा ती बंदच होती. जुने लोक तिला गप्पखोली म्हणायचे. दंगा करणाऱ्याला तिथं टाकायचे. नियम असा, की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. ताट देणाऱ्यानेही नाही. दाराखालच्या फटीतून ताट आत सरकवायचं, रिकामं बाहेर घ्यायचं. तो बोलला तर शिक्षा वाढायची. असा एक होता म्हणतात. आधी हाका मारायचा. मग भिंतीशी बोलायचा. मग तेही थांबलं. लोकांना वाटलं, सुधारला."

"मग?"

"शिक्षा संपली म्हणून दार उघडलं, तर... आत कोणी नव्हतं. आत बघायचं नाही, हाक मारायची नाही, मग कळणार कसं? कधीपासून नव्हता ते कोणालाच सांगता येईना. ताट मात्र रोज रिकामं बाहेर येत होतं, बाई. अगदी त्या सकाळपर्यंत."

मी देवाचं नाव घेतलं. एरवी मी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटर माझ्यासमोर उभा राहिला. "ताई, मला त्या खोलीत सोडा. गोष्ट नाही वाचायची. फक्त सोडा."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"माझी पोर मुकी झालीय!"

तो माझ्यावर ओरडला. पहिल्यांदाच. मग हात जोडले. मी काय बोलणार? मामाने दार उघडलं, तो आत गेला, दार बंद झालं. एक हेडफोन त्याला दिला होता, दुसरा लावून मी बाहेर बाकावर बसले. वायर दाराखालच्या त्याच फटीतून आत गेलेली.

आधी नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काका," तो म्हणाला. "ती लहान आहे हो. तिला सोडा. बोलायचं तर माझ्याशी बोला."

काही नाही...

काहीच नाही...

मग अगदी माझ्या कानाशी आल्यासारखा तो आवाज.

"रोज येशील?"

"रोज येईन."

"शब्द दे."

"दिला."

नंतर ते दोघं बोलत राहिले. तो दुसरा साधंच विचारत होता. आज वार कोणता? बाहेर ऊन आहे का? पेंटर सांगत होता. ऐकताना मला भीती वाटत होती आणि त्या बिचाऱ्याची दयाही येत होती. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट असतं. मामाला काही ऐकू येत नव्हतं, तरी तो भिंतीला टेकून घामाने निथळत होता.

संध्याकाळी पेंटरच्या बायकोचा फोन आला. हुंदक्यांनी तिला बोलता येईना.

"ताई... चिमणी म्हणाली, आई, भूक लागली."

त्यानंतर पेंटर रोज त्या खोलीत जाऊ लागला. सरावाच्या नावाखाली मीच परवानगी काढली. चिमणीची टकळी पहिल्यासारखी सुरू झाली. मुलाखतीच्या दिवशी इतकी बडबडायची की बापाला हूं करायलाही जागा नाही. मी म्हटलं, संपलं एकदाचं.

मग पेंटर निर्दोष सुटला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची बायको नवी साडी नेसून फाटकाबाहेर उभी होती. आणि हा पायरीवर अडून बसलेला. "ताई, मी शब्द दिलाय," एवढंच म्हणत होता. मामाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

दोनच दिवसांत तो परत आला. फाटकावर रडत होता, मला आत घ्या म्हणून. चिमणी पुन्हा गप्प झाली होती. पहाऱ्यावरचे शिपाई खो खो हसले. "लोक सुटायला रडतात, आणि हा आत यायला रडतोय!" पण सुटलेल्या माणसाला आत घ्यायचं नाही, हा नियम. साहेबांपर्यंत जाऊन मी भांडले. साहेब म्हणाले, तुम्हीच थोडे दिवस सुट्टी घ्या.

मग दुसरा काय उपाय होता? सांगा ना.

मी गेले.

मामाने दार लावलं. मी त्या खोलीत हेडफोन लावून बसले आणि म्हटलं, "काका, तो येऊ शकत नाही. त्याच्याऐवजी मी आले तर चालेल का?"

मग कानात आवाज आला.

"आज वार कोणता?"

तेव्हापासून मी रोज जाते. दुपारी बराकी बंद झाल्या की. वार सांगते, ऊन सांगते, बाजारात काय महागलं ते सांगते. रविवारीही जाते. मध्ये एकदा तापाने फणफणले होते, घरीच पडून राहिले. संध्याकाळी पेंटरचा फोन आला. त्याला काही विचारावं लागलंच नाही. तशीच उठले, रिक्षा केली आणि गेले.

चिमणी आता शाळेत जाते. कविता म्हणून दाखवते मला फोनवर. तिला ते काका आठवत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण त्यासाठीच हे लिहायला बसले आहे. ती इमारत पाडायचं ठरलंय. तिथं कैद्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग होणार. चांगलीच गोष्ट आहे. मामा म्हणतो, भिंती पडल्या की तोही मोकळा होईल. त्याच्या तोंडात साखर पडो.

पण खोली गेल्यावर तो जाईल कुठं? हे मला कोणी सांगेल का?

काल मी त्याला सांगून टाकलं. न सांगता पाडणं बरं वाटेना. म्हटलं, "काका, ही खोली आता राहणार नाही."



मी वाट बघितली. मग त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुमच्या घरी... कोण कोण असतं?"

कैद्याला आपल्या घरचं काही सांगायचं नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी काही बोलले नाही. हेडफोन काढला, पर्स उचलली आणि सरळ घरी आले.

माझा नातू नुकताच बोलायला लागलाय. मी चप्पल काढायच्या आधीच "आजी, आजी" करत अंगावर येतो. काल आला नाही. सून म्हणाली, दमला असेल, पेंगतोय.

तो भिंतीला टेकून बसला होता आणि टक्क जागा होता.