थांबवण्याचं कारण

रेन तसं म्हणाला त्या दिवसापासून नुपूरची झोप उडाली होती.

म्हणाला तो रुसव्यात. सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या बाईंनी लाडानं विचारलं, "ममाबरोबर आलास का?" नुपूरनं नुकतंच त्याला चॉकलेट परत ठेवायला लावलं होतं आणि तो राग अजून त्याच्या गालात भरलेला होता. साडेचार वर्षांच्या त्या पोरानं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ जपानीत सांगितलं, "ह्या बाईला मी ओळखत नाही."

काउंटरवरच्या बाई हसल्या. नुपूरही हसली. पण हसू ओसरल्यावर बाईंची नजर रेनवरून नुपूरवर आणि नुपूरवरून पुन्हा रेनवर अशी एक फेरी मारून आली, ती काही नुपूरच्या नजरेतून सुटली नाही.

रेन गेला होता बापावर. दाइसुकेचेच डोळे, त्याचेच सरळ केस, त्याचाच रंग. नुपूरचं त्याच्यात काही उतरलं असेल तर हट्ट, आणि हट्ट चेहऱ्यावर दिसत नाही. रात्री ती छताकडे बघत पडायची. काउंटरवरच्या बाईऐवजी पोलिसानं विचारलं तर? आणि तेव्हाही हा असाच गाल फुगवून बसला असला तर?

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. ओजिमाच्या ह्या वस्तीत राहायला आल्यापासून तिला पोलिसांनी बऱ्याचदा थांबवलं होतं. कधी स्टेशनबाहेर परदेशी रहिवाशाचं कार्ड दाखवा म्हणून, कधी सायकल तुमचीच का म्हणून. प्रत्येक वेळी वाकून, माफी मागून, इतक्या आदरानं, की आपण चोर नाही याचीच लाज वाटावी.

"कारण असल्याशिवाय थांबवत नाहीत ते," दाइसुके अंधारात म्हणाला होता.

"तुला कधी थांबवलंय?"

"नाही."

"का नाही?"

दाइसुके प्रामाणिक माणूस. त्यानं खरोखर विचार केला. "थांबवण्यासारखं काही नसेल माझ्यात."

"तेच म्हणतेय मी," नुपूर म्हणाली.

मग तिनं कायदा वाचून काढला. परीक्षेला बसल्यासारखा वाचला. वागण्यात काही वावगं दिसलं आणि गुन्ह्याचा संशय घ्यायला पुरेसं कारण असलं, तरच पोलिसाला माणूस थांबवून विचारता येतं. उत्तराची सक्ती नाही. मर्जीविरुद्ध चौकीवर नेता येत नाही. परदेशी माणसानं कार्ड मागितल्यावर दाखवायचं, त्यातून सुटका नाही. पण मला का थांबवलंत, एवढं तर विचारता येतंच. ते वाक्य तिनं आंघोळीच्या आरशासमोर जपानीत घोकलं. आरशातली बाई फारशी पटणारी नव्हती.

मैत्रिणीला, दिपालीला, सांगितलं, तर तिचा फोनवर आवाज चढला. "अगं, कार्ड दे आणि मोकळी हो ना! त्यांना कायदा कसला शिकवतेस? तुला साधं माफी मागायचं 'सुमिमासेन' म्हणतानासुद्धा घाम फुटतो!"

ते खरंच होतं. पण घाम फुटतो म्हणून प्रश्नच विचारायचा नाही का?

आता सायकलीबद्दल सांगायला हवं. मागे एक आणि पुढे, हँडलच्या मधोमध, एक अशा दोन सीटांची ती बॅटरीवरची सायकल. इकडच्या आयांची असते तशी. रेन पुढच्या सीटमध्ये मावेनासा झाल्यावर मागे गेला. दाइसुके पाना घेऊन पुढची सीट काढायला बसला, तेव्हा नुपूर म्हणाली, "राहू दे." का, ते त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या मुलाचा विषय त्यांच्यात असाच होता. कोणी हो म्हणत नव्हतं, कोणी नाही म्हणत नव्हतं. पुण्याहून तिच्या आईनं रेनसाठी शिवून पाठवलेली पिवळी कुंचीसुद्धा कपाटावरच्या खोक्यात तशीच होती. "टाकू नकोस गं," आई म्हणाली होती, "दुसऱ्याला होईल." पुढच्या सीटमध्ये आता भाजी बसायची.

त्या दिवशीही भाजीच बसली होती. एक कोबी आणि पातीचा जाड कांदा.

डिसेंबरात इथे साडेचारलाच दिवस मावळतो. रेनला पाळणाघरातल्या वाळूतून ओढून काढावं लागलं होतं, त्यामुळे तो मागे घुम्यासारखा बसला होता. मुलांनी घरी जावं म्हणून वॉर्डाच्या भोंग्यावर रोज वाजते ती धून नुकतीच संपली होती आणि तिचा शेवटचा सूर दूरच्या इमारतींवर आपटून उशिरा परत येत होता. कालव्याला ओहोटी लागलेली. खाऱ्या चिखलाचा वास होता, आणि त्यात मिसळलेला आणखी एक, दुधाळ, आंबूस. रेनच्या डब्यातलं दूध सांडलं असणार, नुपूरला वाटलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, पण तिनं ती मनावर घेतली नाही. थंडीसाठी दोन्ही हँडलांना जाड कापडी पिशव्या लावलेल्या होत्या. हात आत सरकवले की हातमोज्यांचीही गरज पडत नाही. उजवा हात उबदार होता. डावा गार पडत चालला होता.

ती पुलाच्या चढावर आली आणि मागून शिट्टी वाजली.

पांढऱ्या सायकलवरून उतरलेला पोलीस तरुण होता. तो धापा टाकत होता. "सुमिमासेन... जरा थांबता का?"

एक पाय जमिनीवर टेकून, डाव्या हातानं ब्रेक घट्ट धरून नुपूरनं उजव्या हातानं कार्ड काढलं आणि आरशासमोरचं वाक्य म्हटलं. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं. "मला थांबवण्याचं कारण सांगाल का?"

त्यानं कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला तो प्रश्नच नवलाचा वाटला.

"कारण? पुढची मुलगी. ती सीटमध्ये उभी होती. हेल्मेट नाही, पट्टा नाही. पडली असती."

"कोणती मुलगी?"

"तुमच्या पुढे बसलेली."

नुपूरच्या अंगात भीतीच्या जागी राग आला, आणि त्या रागानं तिला बरंही वाटलं. म्हणजे असं असतं हे! कारण नसलं की बनवायचं. "माझ्या पुढे कोबी आहे," ती म्हणाली. "बघा की."

त्यानं टॉर्च मारला. कोबी होता. कांद्याची पातही होती. कोबी मात्र एका बाजूला सरकलेला होता, कुणाला जागा करून दिल्यासारखा.

पोलिसानं टॉर्च सीटखाली फिरवला, रस्त्यावर फिरवला. मग हळूहळू त्याचं तोंड पुलाच्या कठड्याकडे वळलं.

"ती... उतरली का?"

"कोणी नव्हतंच! माझा एकच मुलगा आहे. हा."

"मी सिग्नलपासून तुमच्या मागे आहे." तो आता हलक्या आवाजात बोलत होता. "वळणावर ती माझ्याकडे बघत होती. तुमच्या हातावरून वाकून. दोन वर्षांची असेल. डोक्यावर पिवळं... काय म्हणतात मला माहीत नाही. टोपी, पण मागे पाठीवर लांब पडलेली. कडेला चमकती पट्टी होती."

त्याच्याकडे त्या वस्तूला शब्द नव्हता. नुपूरकडे होता. तिनं तो तोंडातून बाहेर येऊ दिला नाही.

पाणी खाली सिमेंटच्या भिंतीला चापट मारल्यासारखं वाजत होतं. पोलीस कठड्यावरून वाकला, टॉर्चचा गोल काळ्या पाण्यावर इकडून तिकडे गेला. तो परत आला तेव्हा खांद्यावरच्या रेडिओत बोलत होता. लहान मूल... पूल... पाण्यात असण्याची शक्यता... सोबतची महिला परदेशी... महिला म्हणते, मूल नव्हतंच.

आणि नुपूरला कळलं की आजवर ती जे मागत होती ते आज तिला मिळालं आहे. वावगं वागणं? पुलावर एका बाईच्या सायकलवरून मूल नाहीसं झालंय आणि ती कोबी दाखवतेय. पुरेसं कारण? त्याच्या जागी ती असती, तर तिनंही संशय घेतला असता. तिनं पाठ केलेल्या कायद्याचा शब्द न् शब्द त्याच्या बाजूनं उभा होता. बाकी सगळ्या वेळी तिला विनाकारण थांबवलं होतं. ते किती बरं होतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःची कीव आली.

"कृपया इथेच थांबा," तो म्हणाला. मग त्यानं टॉर्च मागच्या सीटकडे वळवला. रेनच्या चेहऱ्यावर. तिथून नुपूरच्या. तिथून पुन्हा रेनच्या. तीच फेरी.

"हा मुलगा तुमचा?"

"हो."

"मी त्याला विचारलं तर चालेल?"

नाही म्हणता आलं असतं. कायद्यानं आलं असतं. पण आत्ता नाही म्हणणारी बाई कशी दिसेल? नुपूरनं मान हलवली.

तो रेनसमोर उकिडवा बसला. "नाव काय तुझं?"

"रेन."

"रेन-कुन, ह्या तुझ्या कोण?"

रेनचे गाल अजून फुगलेलेच होते. नाकाच्या शेंड्याला वाळू होती. त्यानं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नुपूरनं श्वास धरला. बोल रे, राजा. वाळू आण, चॉकलेट आण, सगळं दुकान आण... बोल.

"ममा," रेन म्हणाला.

पोलिसाचे खांदे थोडे खाली आले. "बरं. आणि पुढे बसलेली छोटी मुलगी? ती कुठे गेली, पाहिलंस?"

रेन पोलिसाकडे बघत नव्हता, पाण्याकडेही बघत नव्हता. आईच्या कमरेला वळसा घालून त्याची नजर डाव्या हँडलच्या कापडी पिशवीवर खिळली होती.

त्याला जवळ घ्यावं म्हणून नुपूरनं तो हात बाहेर ओढला. हात निघाला नाही. थंडीनं बोटं बधिर झाली असतील, तिनं स्वतःला सांगितलं, आणि पुन्हा ओढला. दुधाळ वास आता अगदी जवळ होता.

"रेन?" ती मराठीत पुटपुटली. "काय झालं, बाळा?"

मराठीत विचारलेल्याला त्या मुलानं जन्मात मराठीत उत्तर दिलं नव्हतं. घरी नाही, आजीला फोनवर नाही, चॉकलेटसाठीसुद्धा नाही. आत्ताही तो आईशी बोलतच नव्हता. तो पट्ट्यातून पुढे झुकला आणि नुपूर त्याच्या हातातली वस्तू काढून घेताना लावते त्या आवाजात, एकेक शब्द नीट उच्चारून, मराठीत, समोरच्या रिकाम्या सीटला म्हणाला,

"ती माझी आई आहे. सोड तिचा हात."