सहीसकट

काचेच्या कपाटांत एकोणचाळीस दुर्मिळ पुस्तकं होती आणि भिंतीवर बारा मूळ चित्रं. बाराही चित्रांखाली एकच चिठ्ठी: 'चित्रकार अज्ञात.'

मी ती पुन्हा वाचली. ही माझ्या गयामावशीची चित्रं होती. काड्यापेटीच्या कारखान्यातून घरी आल्यावर, बायकांच्या साक्षरता वर्गाच्या पुस्तकासाठी तिने काढलेली. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात 'गया' अशी सही. इथे तो कोपराच दिसत नव्हता. आणि उद्या मावशी शिरगावहून आपली चित्रं बघायला येणार होती... नवी साडीही काढून ठेवली होती तिने.

शिवमंदिराजवळच्या त्या संग्रहालयात एकजण शिडीवर चढून दिवा बसवत होता. नाव सुदाम, राहायला विठ्ठलवाडीला. फ्रेमा त्यानेच केल्या होत्या. सही कुठे गेली, मी विचारलं. तो खाली उतरला, ओशाळला. उल्हासनगरच्या बाजारात तयार फ्रेमा कॅलेंडरच्या मापाच्याच मिळतात म्हणे. म्हणून खालचा कागद दुमडला.

"सही वाचली होती?"

"वाचली होती... पण इथले साहेब बोलले, सही कोण बघतो."

"आणि तुम्ही दुमडलीत. मग अज्ञात कोण — ती, की तुमची अक्कल?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे माझा आणखी वाढला.

त्याने बाराही फ्रेमा उतरवल्या, लाकूड आणलं. दुपारभर आम्ही जमिनीवर बसलो होतो. मी एकेक दुमड सरळ करायची, तो पट्ट्या कापायचा. रेघा राहिल्याच, प्रत्येक रेघेला मी त्याला ऐकवलं. साहेबांना काय सांगणार, असंही विचारलं. चूक माझी होती असं सांगेन, म्हणाला. त्याच्या भुवईवर भुसा बसला होता... मी सांगितलं नाही.

"मॅडम, रोज भांडायला याल?"

"रोज चुका करणार का?"

"तुम्ही येणार असाल तर करेन."

"मग नाही येणार."

करवत थांबली. "नाही करणार," तो हळूच म्हणाला. "तरी या."

"उद्या मावशीला घेऊन येणारच आहे."

"मी परवाचं विचारतोय..."

शेवटचं चित्र मोजायचं राहिलं होतं. मोजपट्टी दोघांनी धरली. सहीसकट सव्वाअकरा इंच. त्याचं बोट अकरावर होतं, माझं सव्वाअकरावर.