ऊनपाण्यावर नाव घेऊ नये

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. दीर म्हणाले, वैनीचं डोकं फिरलं. जावा म्हणाल्या, पोरीच्या दुखण्यापायी वारं लागलं. मुरबाडच्या डॉक्टरनं माझे भाजलेले पाय बघितले आणि विचारलं, "भात उकडताना हंड्यात पाय गेला का बाई?" दोन्ही पाय? पोटऱ्यांपर्यंत? मी म्हटलं, "हो, नाचायला उतरले होते." गावात अजून म्हणतात की चिमीचा बाप लढाईच्या भरतीत पळाला. पळाला असता तर मी गूळ वाटला असता. बसा. वात थोडी वर करा आणि दार लोटून घ्या, म्हणजे सांगते. खोटं वाटलं तर उठून जा, मी अडवणार नाही.

चिमी माझी एकुलती एक. तिचा बाप गाडीवान. जंगलातला कोळसा भरून आसनगावच्या ठेसनावर नेऊन टाकायचा. लढाई लागली आणि कोळशाला भाव आला, नेमके तेव्हाच त्याचे गुडघे सुजले. माणूस रांगायला लागला. बैल गोठ्यात बसून फुगले. मग एक दिवस म्हणाला, वज्रेश्वरीच्या कुंडांवर जाऊन शेकून येतो. भावानं गाडीतून नेऊन कुठंसं सोडलं. शिमग्याच्या आधी हा आपल्या पायांनी परत आला, ओटा एका ढांगेत चढला. मी देवीच्या नावानं नारळ फोडला. मूर्ख बाई.

त्याच पावसाळ्यात चिमीला ताप आला. ताप उतरला आणि जाताना तिचे पाय घेऊन गेला. सहा वर्षांची धावती पोर, कमरेखाली नुसती चिंधी. गंडे झाले, तेलं झाली, कल्याणच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या. शेवटी बाजारात एका कासारणीनं सांगितलं, डोळखांबच्या पुढं जंगलात ऊनपाणी आहे, तिथं पांगळी माणसं उठतात. रात्री मी जेवताना ही गोष्ट काढली. चिमीच्या बापानं ताट ढकललं.

"तिकडं न्यायची नाय."

"का? तुमी बघितलंय का ते?"

"नाय म्हनलं ना! पुढल्या साली वज्रेश्वरीला नेऊ."

पुढलं साल! तो कोळसा घेऊन ठेसनावर गेला आणि मी तांदूळ, मीठ, कांबळं बांधून पोरीला घेऊन निघाले. पौष महिना होता. डोळखांबच्या पुढं गाडीवाट संपली तशी चिमीला पाठुंगळी घेतलं. ती वाटभर बडबडत होती. तिचे पाय माझ्या कमरेवर पडवळासारखे लोंबत होते.

जागा दिसायच्या आधी वास आला, नासलेल्या अंड्यासारखा. मग झाडांतून वाफ दिसली. कारवीच्या कुडाच्या चार खोपटी, वर गवत, आणि मधोमध दगडात दोन कुंडं. वरचं असं कढत की लोक तांदळाची पुरचुंडी दोरीनं आत सोडायचे आणि भात शिजवून वर काढायचे. खालचं अंघोळीचं, सोसेल इतकं ऊन. पाणी सारखं बुडबुडत असे. पलीकडच्या खोलीत कुणी हळू बोलत असावं आणि शब्द मात्र लागू नयेत, तसा तो आवाज.

तिथं रंगू नावाची ठाकरीण राहत होती. पार वाकलेली म्हातारी. झाडलोट करायची, कुणी दिला तर घास खायची.

"आजारी कोन?"

"ही माझी पोर. चि—"

म्हातारी अशी झेपावली म्हणता! माझ्या तोंडावर हात दाबून धरला. "नाव नको! पान्यावर नाव घ्यायचं नाय."

मी तिचा हात झटकला. "पाण्याला काय कान असतात?"

"कान नसत्यात," रंगू म्हणाली. "तोंड हाये."

म्हणून तिथं जो तो आपल्या दुखण्याच्या नावानं ओळखला जायचा. किन्हवलीचा एक म्हातारा होता, त्याला सगळे कंबर म्हणत. एक खरूज होती, दिसायला चांगली ठसठशीत बाई. "मला नुसतं कंबर म्हना," म्हातारा म्हणाला. "घरी बायको काय म्हनते ते पान्यानं ऐकलं तर पानी लाजंल." चिमी खुदकन हसली. ती झाली पायाची, मी पायाची आय.

मी तिला दिवसातून तीनदा पाण्यात धरून बसायचे. पोटऱ्या चोळून चोळून माझी बोटं सुजली. रोज बोरीचा काटा तिच्या तळव्याला टोचून बघायचे. हूं नाही, चूं नाही. खरूज बरी होऊन गेली. खोपटी रिकामी होत चालली. तांदूळ तळाला लागले. कुणी नसलं की मी कुंडाच्या कडेला पालथी पडून पाण्याला म्हणायचे, माझे पाय घे, हे बघ, चांगले राबते पाय आहेत, हे घे आणि तिचे सोड. पाणी बुडबुडत राहायचं. एकदा रंगूनं ऐकलं.

"तुझे घेयाचं नाय ते," एवढंच म्हणाली.

"मग काय घेतं?"

ती उठून गेली.

एका दुपारी आम्ही पुरचुंडीचा भात खात होतो. त्या भातालाही तोच वास. कंबर चिमीकडे टक लावून बघत होता.

"रंगूआये, या पोरीचं कान बघ. सुपासारखं. आपल्या गुडघ्यासारखंच नाय काय?"

"कोण गुडघा?" मी विचारलं.

"होता येक गाडीवान. रांगत आला आनि वासरासारखा उधळत गेला. येका रातीत! आमी बसलो हितंच कंबर शेकत."

"गप रे कंबरे," रंगू म्हणाली.

"कधीची गोष्ट?" माझा घास हातातच राहिला.

"शिमग्याच्या आधीची गो."

मी रंगूकडे बघितलं. तिनं मान फिरवली. "मी नको म्हनलं होतं त्याला," ती कुडाकडे बघून बोलली. "रातचा येकलाच कुंडावर बसला. काय पुटपुटला ते पान्याला ठावं."

गाडीवान छप्पन असतात, असं मी मनाला सांगितलं. सुपासारखे कानही छप्पन. पण वज्रेश्वरीहून आणला म्हणून त्यानं जो प्रसाद दिला होता, त्या फुटाण्यांनाही हाच वास होता. तेव्हा मला वाटलं होतं, देवीच्या कुंडाचा असेल. मी ठरवलं, उजाडताच घरी जायचं आणि त्याला समोर बसवून विचारायचं. खरं निघालं तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पोरीचे पाय तर मेलेलेच होते.

सांजवेळी शेवटची अंघोळ घालावी म्हणून चिमीला कुंडाच्या दगडावर बसवलं आणि कोरडं फडकं आणायला खोपटात वळले. दहा पावलंसुद्धा नसतील. पाखरं बसायच्या आधी कलकल करतात ना, ती करत होती. आणि एकदम गप्प झाली.

"चिमे..."

मला वाटलं, माझ्याच डोक्यात.

"चिमे... ये गो... गाडी जुपली..."

त्याचाच आवाज. ठेसनाकडे निघताना तो पोरीला अशीच हाक मारायचा. मधली ती बारीक खोकल्याची उबळसुद्धा तीच. आवाज वाटेकडून येत नव्हता. पाण्यातून येत होता, बुडबुड्यांबरोबर, तुटत तुटत.

मी वळले. चिमी उभी होती.

उभी होती हो! ज्या पायांसाठी मी जग पालथं घातलं, त्या पायांवर माझी लेक उभी होती, आणि मला आनंद झाला नाही. ती मांडीभर पाण्यात होती आणि कुंडाच्या मधोमध चालली होती. मध्ये तळ नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"चिमे! माघारी फीर!"

"बाबा बोलवतायत..." ती मागं न बघता म्हणाली. आवाजात हसू होतं.

मी उडी घेतली. ज्या पाण्यात इतके दिवस बसत होते, ते कढईतल्या तेलासारखं झालं होतं. कातडी सुटलेली मला कळली. तरी आणखी एक पाऊल टाकलं. मागून रंगूनं माझा अंबाडा धरला आणि मला फरफटत दगडावर ओढलं. त्या काडीत एवढं बळ कुठनं आलं कुणास ठाऊक.

"सोड! पोर बुडतेय माझी!"

"तुला न्यायचं नाय त्याला! तिचं नाव दिलंय... दिलेलं नाव माघारी येत नाय."

"कशानं सोडील? बोल! कशानं?"

पाणी चिमीच्या छातीला लागलं होतं.

"ज्यानं दिलं..." रंगूनं माझा अंबाडा आणखी घट्ट धरला. "त्याचं नाव द्यावं लागंल... पन तुला ठावं हाये काय गो, कोनी दिलं?"

"चिमे... गाडी जुपली..."

ठावं होतं. लग्नात बायांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं ते नाव, मान खाली घालून. त्यानंतर कधी नाही. आता मी उभी राहिले आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडून घेतलं.

बुडबुड थांबली. जेव्हापासून ते पाणी आहे तेव्हापासून थांबली नसेल, ती थांबली. वाफ होती तिथंच टांगून राहिली. मग तळातून एक मोठा बुडबुडा आला, फुटला, आणि पाणी पुन्हा पुटपुटायला लागलं. चिमी आडवी झाली आणि तरंगत कडेला आली. कंबरनं काठीनं तिला ओढून घेतलं. मी कुशीत घेतली. त्या उकळत्या पाण्यातून निघालेली पोर विहिरीच्या दगडासारखी गार होती.

सकाळी ती आपली आपण उठून कुडामागं लघवीला गेली. मी आडवी पडून तिची पावलं ऐकत होते आणि तोंडात पदर कोंबून रडत होते.

कंबरनं पाड्यावरनं गाडी आणवली. घरी पोचलो तर ओट्यावर सगळा गोतावळा. धाकटा दीर मंगळू पुढं आला आणि त्यानं सांगितलं. त्याच सांजेला आसनगावच्या रस्त्यावर दोघा भावांच्या गाड्या मागंपुढं चालल्या होत्या. मध्येच चिमीच्या बापानं कासरा सोडला. "आलो," म्हणाला. मंगळूनं विचारलं, "कोनाला रे? मला तर हाक आली नाय." तो खाली उतरला आणि झाडीत शिरला. भरली गाडी वाटेत तशीच उभी. लोकांनी रान धुंडाळलं. काही मिळालं नाही.

मी खरं ते सांगितलं. माझ्यावर विश्वास कुणी ठेवला नाही, पण त्यातली रंगू तेवढी सगळ्यांनी उचलली. म्हणे भुताळीण! दीर चार गडी घेऊन गेले आणि तिला दोरीनं बांधून चावडीवर आणलं. माझे पाय चिंध्यांत होते, तरी मी भिंत धरत धरत गेले. म्हातारीचा ओठ फुटला होता. मी दिरांसमोर तिची दोरी सोडायला बसले. माझ्या आड कुणी यायची हिंमत केली नाही.

रंगूनं तोंड माझ्या कानाशी आणलं.

"पायाच्या आये... तुझं नाव सुंदरा काय गो?"

माझे हात थांबले. सासरी मला सरस्वती म्हणतात. सुंदरा हे माहेरचं. या गावात ते एकालाच ठाऊक होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"रोज सांजेला हाक येते..." तिनं डोळे मिटले. "पान्यातून."

"काय पुटपुटते ती?" गावचा पाटील महिपत वरच्या बैठकीवरून ओरडला. "वैनी, भिऊ नका तिला. तुमचा मानूस गेलाय. दोष कोनाचा ते सांगा, पुढचं आमी बघतो. घ्या नाव."

चावडीच्या दारात सासू होती, जावा होत्या, अर्धं गाव होतं. बाहेर ऊन झाडांखाली उतरत होतं. मी उठून उभी राहिले, पदर नीट केला आणि पाटलाच्या डोळ्यांत बघून आयुष्यात तिसऱ्यांदा ते नाव घेतलं, "सावळाराम."