चाटूनपुसून रिकामं केलेलं वाडगं

पडदा पडला, टाळ्या थांबल्या, लोक पिशव्या सावरत बाहेर पडले, तरी पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले नाहीत. तिकीट तपासणाऱ्याला वाटलं, झोप लागली असेल. नाटकच तसं होतं. त्याने खांद्याला हात लावला, तशी गृहस्थांची मान एका बाजूला कलंडली.

फौजदारबाई आल्या तेव्हा ओळख पटवायची गरजच नव्हती. या जुन्या शहरात येणारा पाहुणा कुठे जेवायचं आणि कुठला खेळ बघायचा हे ज्या मार्गदर्शक पुस्तकावरून ठरवायचा, त्या पुस्तकाचे हे परीक्षक. सगळं गाव त्यांना 'जीभ' म्हणायचं. त्यांनी वाखाणलं की खानावळीबाहेर रांग लागायची आणि त्यांनी नाक मुरडलं की थोड्याच दिवसांत दाराला कुलूप.

मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, वेदनाही नव्हती. चक्क समाधान होतं. बाईंना ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस डॉक्टरांचा फोन आला.

"पोटात भोपळ्याचं सूप आहे आणि त्यात हृदयविकाराच्या गोळ्यांची पूड. बरीच."

"चवीला कशी असते?"

"जहाल कडू. शुद्धीवरचा माणूस पहिल्याच घासाला थुंकेल."

नाटकाआधी जीभ जेवली होती नाट्यगृहाला लागून असलेल्या खानावळीत. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. पातेलं कधीच घासून झालं होतं, त्यामुळे तपासायला काही उरलं नव्हतं. साहेबांना मात्र पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत आरोपी हवा होता. संध्याकाळपर्यंत मावशींना आत टाका, म्हणाले. मावशी चौकीच्या बाकावर पदराचा बोळा करून बसल्या होत्या.

"गेल्या वर्षी त्यांनी तुमच्या खानावळीला नावं ठेवली होती ना?"

"ठेवली. म्हणून तर काल जीव ओतून रांधलं. विष कशाला घालू? माझी चूल त्यांच्या दोन ओळींवर अडली होती."

फौजदारबाईंना मावशी खऱ्या वाटल्या. पण साहेबांपुढे नुसतं वाटून भागत नाही.

खानावळीतला वाढपी चांगलाच भेदरलेला होता.

"परीक्षकांची रीत काय होती?"

"दोन चमचे, बाई. डोळे मिटून. मग वाडगं बाजूला. समोर अमृत ठेवा, तिसरा चमचा नाही. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"आणि काल?"

"पहिला चमचा घेतला आणि थांबले. 'कडू' म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले, बाई. पुन्हा म्हणाले, 'कडू!' मग सगळं वाडगं संपवलं. पावाने पुसून काढलं."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"कोणी नाही. त्यांच्याबरोबरचे फोटोवाले खानावळीच्या पाटीचा फोटो घ्यायला बाहेर गेले होते. त्याआधी त्यांनी वाडगं खिडकीपाशी नेऊन फोटो काढले."

"ते काही खात नाहीत?"

"एरवी पहिला चमचा त्यांचाच. मग दोघांची कुजबुज चालते. काल मात्र पोट बिघडलंय म्हणाले."

"वाडगं संपवल्याचं कुणाजवळ बोललास?"

"आईशप्पथ नाही."

"बोलूही नकोस."

पुस्तकासाठी फोटो काढणारा तो माणूस बाईंना परीक्षकांच्या खोलीच्या दाराशी भेटला. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. डोळे सुजलेले, बोलणं मऊ.

"मला चवीतलं काही कळत नाही हो. मी आपला फोटो काढणारा. तसली जीभ या शहरात पुन्हा होणे नाही." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "लवकर आटपेल का? आईच्या औषधाची वेळ झाली. तिचं हृदय नाजूक आहे."

दार उघडलं आणि हवालदाराने नाकाला रुमाल लावला. खोलीत असह्य दुर्गंधी कोंडली होती. टेबलावर नासून हिरवट पडलेल्या दुधाचं भांडं होतं आणि त्याला खेटून चहाचा कप, दुमडून ठेवलेलं कालचं वर्तमानपत्र. उशाशी छोट्या बाटल्यांची ओळ होती. लवंग, कापूर, कॉफी, व्हिनेगर. सगळ्यांची झाकणं उघडी.

"या कशासाठी?"

"धंद्याची साधनं," फोटोवाला पटकन म्हणाला.

बाईंनी कापराची बाटली नाकाशी नेली. डोळ्यांतून पाणी आलं. मग त्या पुन्हा त्या दुधाकडे पाहत राहिल्या. इथे बसून माणूस काल निवांत चहा प्यायला होता, आणि त्या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

दुपारी खानावळीच्या त्याच टेबलाभोवती त्यांनी मावशींना, वाढप्याला आणि फोटोवाल्याला बसवलं. दार लावून घेतलं.

"विष घालणाऱ्यापुढे एक अडचण होती," बाई म्हणाल्या. "जहाल कडू पूड, आणि खाणारा शहरातला सगळ्यात चोखंदळ जिभेचा माणूस. मावशींना विष घालायचं असतं तर त्यांनी हे औषध निवडलंच नसतं. ते निवडेल असा एकच माणूस. ज्याला ठाऊक होतं की या जिभेला काही लागतच नाही."

मावशींनी तोंडाला पदर लावला.

"मध्यंतरी कुठल्याशा आजारपणात वास गेला असणार आणि त्याबरोबर चवही. नासलेल्या दुधाशेजारी बसून चहा पिणारा माणूस दुसरं काय सांगतो? रोज सकाळी बाटल्या हुंगून काही परत येतंय का, ते बघत होते बिचारे. आणि पुस्तकातल्या चवी?" त्या फोटोवाल्याकडे वळल्या. "त्या तुमच्या. पहिला चमचा तुमचा, कुजबुज तुमची, नाव त्यांचं. काल सगळ्यांकडे पाठ करून वाडगं खिडकीत नेलंत तुम्ही. हृदयाचं औषधही तुमच्याच घरात."

फोटोवाला हसला. "दोन चमच्यांत मरतं का कोणी?"

"नाही मरत. माणूस आजारी पडतो. खानावळ बदनाम होते. म्हातारा आता झेपत नाही म्हणून घरी बसतो आणि त्याची खुर्ची तुम्हाला मिळते. तुम्हाला तेवढंच हवं होतं. पण त्यांनी वाडगं संपवलं. पावाने पुसून."

"शक्यच नाही!" तो ताडकन उठला. "दोनच चमचे! त्यांनी कधीच तिसरा... मी मोजूनमापून..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. वाढपी दाराला पाठ लावून उभा राहिला.

"का?" फोटोवाल्याचा आवाज पार फाटला होता. "का संपवलं त्यांनी?"

"पहिल्या चमच्याला 'कडू' म्हणाले म्हणून," बाई म्हणाल्या. "इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. कडू का होईना, चव होती. ती पुन्हा जाईल या भीतीने शेवटच्या थेंबापर्यंत खात राहिले. आनंदाने रडत."

फोटोवाला मटकन खुर्चीत बसला. रोज जेवताना मी त्यांना विचारायचो, काही लागलं का, एवढंच तो म्हणाला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडला. बाईंना त्याची दया आली आणि रागही आला. हवालदाराने त्याला नेलं.

मावशी सुटल्या होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा हात टेबलावर, जिथे ते वाडगं होतं तिथे होता.

"बाई, म्हणजे त्यांची चव परत येत होती?"

"येत होती, मावशी."

"मग आणखी चार दिवसांनी आले असते," मावशी म्हणाल्या, "तर माझं सूप लागलं असतं त्यांना."